प्रामाणिकपणाचे दुकान

शाळेतले विक्रेत्याविना चालणारे दुकान. वस्तू उचलायची, पैसे डब्यात टाकायचे आणि वहीत नोंद करायची, एवढाच व्यवहार. काही ठिकाणी यालाच 'विश्वासाचे दुकान' म्हणतात. राज्याच्या मूल्यशिक्षणातली श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा वगैरे दहा मूल्ये मुलांना परिपाठातून पाठ होतात; गंमत अशी, की त्या दहांत प्रामाणिकपणा वेगळा दिलेला नाही.

संस्कार सांगून नव्हे, कामातून होतात, हा विचार साताऱ्याला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये येथे सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत आणि कामेही स्वतःच करत.

दुकानाला भांडवल फार लागत नाही. लहान शाळेला ३०० ते ५०० रुपये पुरतात. माल म्हणजे पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, पट्ट्या. गोळ्या-बिस्किटे ठेवू नयेत, कारण मधल्या सुट्टीतली भूक आणि प्रामाणिकपणा यांची झुंज लावण्यात शिक्षण काही नाही. शक्यतो सगळ्या वस्तूंचा भाव एकच, ५ रुपये ठेवावा. सुट्ट्या पैशांचा घोळ टळतो आणि हिशेबही बोलू लागतो.

तो असा. सोमवारी ४० वस्तू मांडल्या, शनिवारी सकाळच्या शाळेत २६ उरल्या. गेल्या १४, म्हणजे ७० रुपये हवेत. डब्यात निघाले ६४. तूट ६ रुपयांची. वस्तू पैसे न देता गेली असती तर तूट ५ च्या पटीत आली असती. ३ च्या पटीत आली, की पहिली-दुसरीतल्या कोणी ५ च्या जागी २ चे नाणे टाकले असण्याचा संभव जास्त. ही मोजणी चौथी-पाचवीच्या मुलांनी सगळ्यांसमोर करावी. तूट फळ्यावर लिहावी, नाव मात्र कोणाचेच नको.

उपक्रम बिघडतो तो बहुधा मोठ्यांमुळे. मुख्याध्यापक तूट गुपचूप खिशातून भरतात आणि वर्गात चर्चेला विषयच उरत नाही. कोणी कॅमेरा बसवतो. मग ते साधे दुकानच. 'प्रामाणिक विद्यार्थी' असे बक्षीस ठेवले, की मुले डब्यात पैसे टाकताना आधी गुरुजींकडे बघतात.

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात आणखी एक अडचण आहे. हंगामात ऊसतोड मजुरांची मुले शाळेत येतात, त्यांच्या हाती रोख पैसा क्वचितच असतो, आणि तूट आली की नजरा आधी त्यांच्याकडे वळतात. यासाठी उधारीची वही पहिल्या दिवसापासून आणि सर्वांसाठी ठेवावी. तारीख, वस्तू, सही हे तीन रकाने पुरेत. उधारी आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी फेडायची, कारण घरात सुटे पैसे तेव्हाच असतात.