पेशी स्वतःच्याच, मग धोका कसला?

सिरॉसिस, म्हणजे यकृतात व्रण साठून ते कडक होणं, वाढला, पोटात पाणी साठू लागलं, की डॉक्टर यकृत प्रत्यारोपणाचा विषय काढतात. घरात दाता आणि पैसा यांची शोधाशोध सुरू होते. नेमकं याच वेळी कुणीतरी स्टेम सेल थेरपी, म्हणजे मूलपेशींचे उपचार, सुचवतं : "ऑपरेशन नाही, पेशी तुमच्याच, म्हणजे साइड इफेक्टचा प्रश्नच नाही."

ब्रिटनमधल्या 'रिअ‍ॅलिस्टिक' या चाचणीत सिरॉसिसचे 81 रुग्ण होते. एका गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. दुसऱ्याला जी-सीएसएफची इंजेक्शनंही दिली. त्यांच्यामुळे अस्थिमज्जेतल्या मूलपेशी रक्तात उतरतात. तिसऱ्या गटात या पेशी यंत्राने वेगळ्या काढून तीनदा शिरेतून परत सोडल्या. 90 दिवसांनी पाहिलं तर यकृताची अवस्था सांगणाऱ्या मेल्ड स्कोअरमध्ये मूलपेशींमुळे काहीच सुधारणा नव्हती. गंभीर त्रास मात्र मूलपेशी घेतलेल्या 28 पैकी 12 जणांना झाला, उरलेल्या दोन गटांत प्रत्येकी तिघांना. त्यात सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरणारा जीवघेणा जंतुसंसर्गही होता. 2018 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चाचणी लहान होती, पण तुलनेला गट होता म्हणूनच हा फरक दिसला.

पेशी स्वतःच्या असल्या तरी त्या काढायच्या आणि घालायच्या असतात, आणि तेही खंगलेल्या शरीरात. सिरॉसिसमध्ये प्लेटलेट कमी असतात, त्यामुळे सुई टोचली तिथून रक्तस्रावाची भीती. प्रतिकारशक्ती दुबळी, म्हणून जंतुसंसर्ग चटकन पसरतो. यकृताच्या धमनीतून पेशी सोडायच्या तर रक्तवाहिनी दिसण्यासाठी डाय द्यावा लागतो, आणि आधीच नाजूक झालेल्या मूत्रपिंडांना तो झेपेलच असं नाही. इराणमधली एक छोटी चाचणी अशाच गुंतागुंतीतून रुग्ण दगावल्यावर थांबवली गेली.

मेझेनकायमल या दुसऱ्या प्रकारच्या (अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतून मिळणाऱ्या) मूलपेशींचे अनुभव तुलनेने बरे आहेत. बहुतेकदा थोडा ताप येतो आणि उतरतो. संशोधन चालू राहायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. पण या चाचण्या बहुतांशी लहान आणि थोड्या काळाच्या आहेत. सिरॉसिसच्या यकृतात कर्करोगाचा धोका मुळातच असतो, तेव्हा काही महिन्यांच्या पाहणीवर 'सुरक्षित' असा शिक्का मारता येत नाही.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार यकृतविकारासाठी मूलपेशी फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी लाखांचं पॅकेज पुढे केलं, तर आधी सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या अधिकृत नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा आणि तो आपल्या यकृततज्ज्ञांना दाखवा.