ग्राफिक्स कार्डावरील थर्मल पेस्ट व पॅड बदल

ग्राफिक्स कार्डावरील मुख्य चिप, मेमरी चिप्स आणि वीजपुरवठ्याचे घटक यांची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे ती हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाकडे नेणारा मधला थर जुना झाल्यावर तो काढून नवा देण्याचे काम. मुख्य चिपवर हा थर घट्ट मलमासारख्या लेपाचा, म्हणजे थर्मल पेस्टचा असतो. बाकीच्या घटकांवर मऊ रबरी पट्ट्या, म्हणजे थर्मल पॅड बसवलेले असतात. दुकानांत या कामाला ‘रीपेस्टिंग’ किंवा नुसतेच ‘सर्व्हिसिंग’ म्हणतात. सर्व्हिसिंगमध्ये पंख्यांची व धुळीची सफाईही येते. प्रस्तुत नोंद थरापुरती आहे.

थराचे कार्य : चिप आणि हीटसिंक यांचे पृष्ठभाग आरशासारखे दिसले तरी सूक्ष्म पातळीवर उंचसखल असतात. त्यांच्या फटींत हवा राहते आणि हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. तिची उष्णतासंवाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन असते. चिप ज्याची बनते त्या सिलिकॉनची सुमारे १५०, तांब्याची सुमारे ४००. एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ३०८० व ३०९० या कार्डांवरील जीए१०२ चिपचे क्षेत्रफळ ६२८ चौ. मिमी. आहे. ती ३०० वॅट उष्णता टाकत असताना मध्ये ०.०१ मिमी. जाडीचा अखंड हवेचा थर असता, तर त्या थरातच १८०° से.हून अधिक फरक पडला असता. त्याऐवजी ०.०५ मिमी. जाडीची आणि ५ संवाहकतेची पेस्ट असेल तर फरक ५° से.च्या आत राहतो. पेस्ट १० संवाहकतेची घेतली तर तो सुमारे अडीच अंशांवर येतो. मात्र ५ चीच पेस्ट निम्म्या जाडीत दाबली गेली तरी नेमका तेवढाच लाभ होतो. पेस्ट आणि पॅडविषयीच्या बहुतेक वादांत ही दुसरी बाजू, म्हणजे थराची जाडी, नजरेआड होते.

इतिहास : सिलिकोन तेलात झिंक ऑक्साइड घोटून केलेले पांढरे मलम वैयक्तिक संगणकाच्या आधीचे आहे. पॉवर ट्रान्झिस्टर धातूच्या पट्टीवर बसवताना ते लावण्याची पद्धत बहुधा १९६० च्या दशकापर्यंत रूढ झाली असावी. आजही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते ‘हीटसिंक कंपाउंड’ या नावाने मिळते. ग्राफिक्स कार्डांना त्याची गरज उशिरा लागली. १९९६ च्या थ्रीडीएफएक्स व्हूडू कार्डाच्या चिप्स उघड्याच असत, तर १९९९ च्या जीफोर्स २५६ वर लहानसा हीटसिंक व पंखा होता. कार्डे शेकडो वॅट घेऊ लागल्यावर मेमरी आणि वीजपुरवठ्याचे घटकही मुख्य हीटसिंकला जोडावे लागले. त्यांची उंची चिपपेक्षा वेगळी असल्याने फट भरणाऱ्या पॅडचा वापर वाढला.

पेस्ट का बिघडते : याविषयी दोन मते आहेत. प्रचलित मत असे, की पेस्टमधील तेल उष्णतेने उडून जाते व ती ‘सुकते’. दुसऱ्या मतानुसार पेस्ट जागेवरून ढकलली जाते. सिलिकॉन दर अंशाला दशलक्षात सुमारे २.६ भाग प्रसरण पावते, तर तांबे सुमारे १७ भाग. त्यामुळे कार्ड तापले की चिप आणि तिचा तळ किंचित वाकतो, थंड झाले की सरळ होतो. प्रत्येक आवर्तनात मधली फट मिटते-उघडते आणि पेस्ट कडेकडे सरकते. सिलिकोन तेलाचे बाष्पीभवन अत्यल्प असते आणि उघडलेल्या कार्डांत बहुधा चिपचा काही भाग जवळजवळ कोरा व कडांना पेस्टचा वळ जमलेला दिसतो. म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कडेला गेलेल्या पेस्टमधून तेल वेगळे होऊन मागे भुकटी उरते. तीच पाहून ‘सुकली’ असे म्हटले जात असावे. सीपीयूच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रक्रियकाच्या चिपवर बहुधा धातूचे झाकण असते. ग्राफिक्स चिप उघडी असते. एकच पेस्ट सीपीयूवर वर्षानुवर्षे चालते आणि ग्राफिक्स कार्डावर काही महिन्यांत दगा देते, त्याचे हे मुख्य कारण. पातळ पेस्ट पहिल्या दिवशी उत्तम आकडे देते, पण लवकर सरकते. ग्राफिक्स कार्डासाठी घट्ट, पसरवायला त्रासदायक पेस्टच श्रेयस्कर.

लक्षणे : सरासरी तापमानापेक्षा ‘हॉट स्पॉट’, म्हणजे चिपवरील सर्वांत तापलेल्या बिंदूचे तापमान अधिक बोलके असते. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो या प्रणालींत बहुतेक कार्डांचे दोन्ही आकडे दिसतात. निरोगी कार्डात त्यांत साधारण १० ते १५ अंशांचा फरक असतो. तो २५ च्या पुढे गेला तर थर फाटला आहे, हीटसिंक तिरका बसला आहे किंवा एखाद्या जाड पॅडने तो उचलून धरला आहे. जीडीडीआर६एक्स या प्रकारच्या मेमरीच्या कार्डांवर मेमरीचे तापमान वेगळे पाहावे. ते ११०° से.ला पोहोचले की कार्ड स्वतःचा वेग उतरवते. आरटीएक्स ३०९० च्या २४ मेमरी चिप्सपैकी १२ मागील बाजूस, केवळ बॅकप्लेटच्या, म्हणजे कार्डाच्या पाठीवरील पत्र्याच्या आधाराने थंड होतात. त्यामुळे या कार्डाचे पॅड बदलण्याची चर्चा २०२१ पासून सर्वाधिक झाली. ३०९० टायमध्ये दुप्पट क्षमतेच्या १२ चिप्स पुढील बाजूस आल्या आणि हा प्रश्न बव्हंशी मिटला.

पॅडची जाडी : कामातील सर्वाधिक चुका येथे होतात. पॅड ०.५ मिमी.च्या पायऱ्यांनी, ०.५ पासून ३ मिमी.पर्यंत मिळतात आणि एकाच कार्डावर दोन-तीन जाड्या असू शकतात. एकाच नावाच्या कार्डाच्या वेगवेगळ्या उत्पादन-आवृत्त्यांतही त्या बदलतात, म्हणून कुठल्याशा यादीवर विसंबण्यापेक्षा आपल्याच कार्डाचे जुने पॅड मोजावेत. व्हर्निअर कॅलिपरने दोन ठिकाणी मोजणे इष्ट : चिपच्या ठशात दबलेला भाग आणि ठशाबाहेरची न दबलेली कड. दबलेला भाग १.२ मिमी. आणि कड १.५ च्या आसपास असेल तर मूळ पॅड १.५ चा होता. पॅड तुटून गेले असतील तर त्या जागी मळलेल्या मातीसारख्या खेळण्यातल्या क्लेची गोळी ठेवून, पेस्ट न लावता स्क्रू पूर्ण आवळून पुन्हा उघडतात आणि दबलेल्या गोळीची जाडी घेतात. नवा पॅड त्याहून सुमारे २० ते ३० टक्के जाड असावा.

पातळ पॅड घटकाला टेकतच नाही. जाड पॅड त्याहून घातक, कारण तो हीटसिंक उचलून धरतो. मेमरी गार होते, चिप मात्र तापते आणि सर्किट बोर्ड वाकतो. योग्य जाडीचा पण कडक पॅडही हेच करतो. मऊपणा ‘शोअर ००’ या मापात देतात. आकडा जितका कमी तितका पॅड मऊ. उष्णतावाहक भुकटी जितकी ठासून भरावी तितका पॅड कडक होतो, त्यामुळे वेष्टनावर मोठी संवाहकता मिरवणारे पॅड अनेकदा कडक निघतात.

त्या संवाहकतेच्या आकड्याबद्दलही सावध राहावे. एएसटीएम डी५४७० पद्धतीत नमुना दोन ठोकळ्यांत दाबून, स्थिर उष्णताप्रवाहात मोजतात. आयएसओ २२००७-२ या पद्धतीत तापणारी चकती नमुन्यात ठेवतात आणि पृष्ठभागांमधला रोध बव्हंशी वगळला जातो. दाब आणि पद्धत न सांगता दिलेले १२ किंवा १५ हे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. शिवाय जीडीडीआर६एक्सच्या एका चिपचे क्षेत्रफळ १४ × १२ मिमी. आहे. ती सुमारे ४ वॅट टाकते असे धरले, तर १ मिमी. जाडीच्या ६ संवाहकतेच्या पॅडमध्ये सुमारे ४° से. आणि १२ च्या पॅडमध्ये सुमारे २° से. फरक पडतो. पॅड बदलून मेमरी २० अंशांनी उतरल्याची जी उदाहरणे दिली जातात, त्यांत श्रेय नव्या पॅडच्या आकड्याचे नसून जुना पॅड नीट टेकतच नव्हता याचे असते.

कृती : खोलण्याआधी कार्ड दहा मिनिटे भाराखाली चालवून कोमट करावे, पेस्ट व पॅड सैल पडतात. मग संगणक बंद करून, वीज काढून कार्ड बाहेर घ्यावे. बहुतेक कार्डांना बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर पुरतो. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ३० मालिकेतील कार्डांना टॉर्क्स, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचा ड्रायव्हरही लागतो. चिपभोवतीचे चार स्प्रिंगचे स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे सैल करावेत. हीटसिंक उपसू नये, हळू पिळत सोडवावा. पंख्यांच्या व दिव्यांच्या तारा अजून बोर्डाला जोडलेल्या असतात आणि घाईत कनेक्टर मुळापासून उखडतो. तो तारेला धरून नव्हे, प्लास्टिकच्या खोबणीला धरून काढावा. जुन्या पॅडचा नकाशा छायाचित्रात ठेवावा.

पेस्ट ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेच्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसावी. चिपभोवती अगदी लहान कपॅसिटर असतात. तेथे पाते किंवा स्क्रू ड्रायव्हर चालवू नये. पॅडमधून सुटलेले तेल बोर्डावर पसरलेले दिसते. ते विद्युत्‌वाहक नसते, पण धूळ धरते आणि नव्या पॅडला चिकटू देत नाही, म्हणून तेही पुसावे.

नवे पॅड घटकाच्या आकाराचे कापून, दोन्ही बाजूंचे प्लास्टिक काढून बसवावेत. एका बाजूचे प्लास्टिक राहून जाणे ही नवख्यांचीच नव्हे, सरावलेल्यांचीही चूक आहे. मग पेस्ट. ६२८ चौ. मिमी.वर ०.१ मिमी. जाडीला सुमारे ०.०६ घन सेंमी. पेस्ट लागते, घनता २.५ धरल्यास ०.१६ ग्रॅम. बाहेर दाबली जाणारी धरून दुप्पट घ्यावी, म्हणजे ४ ग्रॅमच्या नळीत दहाहून अधिक कार्डे होतात. झाकण नसल्याने चिपचा कोपरा कोरा राहिला तर तेथेच हॉट स्पॉट होतो. म्हणून मधोमध ठिपका देण्यापेक्षा पेस्ट पट्टीने सर्वत्र पसरवणे बरे. थोडी जास्त झाली तर बाहेर येते, नुकसान होत नाही. चारही स्क्रू कर्णरेषेत, दोन-तीन फेऱ्यांत, थांबेपर्यंत आवळावेत.

पर्याय : हनीवेलचे पीटीएम७९५० हे सुमारे ४५° से.ला मऊ होणारे पातळ पत्रक पेस्टऐवजी वापरतात. ते चिकट असल्याने दहा-पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवून मगच प्लास्टिक सोलतात. पहिल्या काही तापण्या-थंड होण्यानंतर ते पातळ बसते, आणि सरकण्याचा दोष त्यात फारच कमी आहे. पॅडऐवजी थर्मल पुट्टी, म्हणजे कणकेसारखा मऊ उष्णतावाहक लगदा घातला तर जाडी मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त ही पुट्टी परत काढणे किचकट असते. गॅलियमयुक्त द्रवधातू विद्युत्‌वाहक असतो आणि ॲल्युमिनियम खातो. सामान्य वापरासाठी तो शिफारसयोग्य नाही.

वॉरंटी : स्क्रूवरील स्टिकर फाटल्यास वॉरंटी जाते, असे अनेक विक्रेते सांगतात. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याच्या आधारे तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये अशा स्टिकरविरुद्ध इशारे दिले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टु रिपेअर पोर्टल सुरू केले; स्टिकरचा प्रश्न मात्र व्यवहारात कंपनीच्या अटींवर सुटतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवर चालणारे मायनिंग बंद झाल्यावर बाजारात आलेल्या जुन्या कार्डांना हा प्रश्न सहसा उरलेला नसतो. त्यांचे पॅड मात्र अखंड तापून तेल सोडलेले असण्याची शक्यता अधिक.

परिणाम मोजताना आधीचे व नंतरचे आकडे एकाच खोलीच्या तापमानाला, पंख्यांचा वेग स्थिर ठेवून घ्यावेत. नागपुरात जानेवारीत घेतलेला आकडा मेमधल्या आकड्याशी ताडला, तर उत्तम काम झालेले कार्डही बिघडल्यासारखे दिसते.