गिअर नसलेली अगीनगाडी

कोळशाच्या रेल्वे इंजिनाला क्लच नसायचा आणि गिअरही नसायचे. शेकडो टनांची गाडी ते जागेवरून ओढायचं कसं? पेट्रोल इंजिन फिरत असेल तरच जोर लावतं. म्हणून गाडी उभी असली तरी ते फिरतं ठेवावं लागतं आणि मध्ये क्लच घालावा लागतो. वाफेचा दाब मात्र बॉयलरमध्ये आधीच तयार असतो. झडप उघडली की दट्ट्यावर पहिल्याच क्षणी सगळा जोर.

फ्रान्सिस आणि फ्रीलन स्टॅन्ली या जुळ्या अमेरिकन भावांनी नेमकं हेच मोटारीत आणलं. मूळ धंदा कॅमेऱ्यात फिल्मसारख्या वापरायच्या फोटोच्या काचांचा. १८९७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटनला त्यांची पहिली वाफेची गाडी धावली. पुढच्या गाड्यांत दोन सिलिंडरचं इंजिन थेट मागच्या आसाला जोडलेलं असे. १९०६ मध्ये फ्लोरिडाच्या वाळूवर फ्रेड मॅरियटने त्यांची गाडी ताशी २०५ किलोमीटरने पळवली. वाफेच्या मोटारीचा हा अधिकृत विक्रम मोडायला २००९ साल उजाडलं!

बॉयलर फुटेल ही लोकांची भीती. भावांनी त्याच्या टाकीभोवती पियानोची पोलादी तार थरावर थर गुंडाळली. दाब बेसुमार वाढला तर आतल्या बारीक नळ्या आधी गळत, टाकी शाबूत राहत असे.

खरी कटकट सकाळची. आधी टॉर्चने बर्नर तापवायचा, मग तो पेटवायचा आणि दाबाच्या काट्याकडे बघत बसायचं. वीस-पंचवीस मिनिटं तरी जात. तेवढ्यावरही भागत नसे. थंड सिलिंडरमध्ये शिरलेल्या वाफेचं पाणी होई, ते काढायला गाडी थोडी पुढे, थोडी मागे अशी हळूहळू हलवावी लागे. शिवाय तहान! पाणी वाफ होऊन हवेत जाई, म्हणून वाटेत घोड्यांच्या हौदांवर थांबून टाकी भरायची. १९१४ मध्ये गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत असे बरेच हौद बंद झाले. मग १९१५च्या मॉडेलपासून वाफेचं पुन्हा पाणी करणारा कंडेन्सर आला.

तोवर उशीर झाला होता. पेट्रोलगाडीला हँडल मारताना मनगटं मोडत, हाच वाफेवाल्यांचा हुकमी मुद्दा होता, असं मला वाटतं. कॅडिलॅकने १९१२च्या गाड्यांत विजेचा स्टार्टर बसवला आणि तोही गेला. १९२४ मध्ये स्टॅन्लींचा कारखाना बंद पडला.