विकास आराखड्यात नाट्यगृह किंवा कलादालनासाठी सूचना कशी नोंदवावी?

शहरात पुढे नाट्यगृह कोठे उभे राहील आणि कलादालनाला जागा मिळेल की नाही, हे कोणत्याही सांस्कृतिक धोरणापेक्षा विकास आराखड्यातील आरक्षणांवर अधिक अवलंबून असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये, ज्या सार्वजनिक प्रयोजनांसाठी आराखड्यात जमीन राखून ठेवता येते त्यांत सांस्कृतिक संस्था, नाट्यगृहे, वस्तुसंग्रहालये आणि कलादालने यांचा स्पष्ट उल्लेख असून, वारसा इमारती व परिसर यांच्या जतनाची तरतूदही तेथेच आहे.

प्रारूप (कच्चा) आराखडा तयार झाल्यावर कलम २६ खाली राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर नोटीस प्रसिद्ध होते. आराखड्याची प्रत कोठे पाहता व विकत घेता येईल आणि हरकती कोणत्या मुदतीत द्यायच्या, हे त्या नोटिशीवरूनच समजते. सूचना किंवा हरकत कोणतीही व्यक्ती लेखी देऊ शकते. त्यासाठी जमिनीची मालकी लागत नाही. त्यामुळे भाडेकरू, नाट्यसंस्था, वाचनालय किंवा तालमीसाठी जागा शोधणारे हौशी कलावंत यांपैकी कोणीही अर्ज करू शकतो.

अर्जात नाव, पत्ता व स्वाक्षरी यांबरोबरच नकाशाचा क्रमांक, नगर भूमापन किंवा सर्व्हे क्रमांक आणि आरक्षणाचा क्रमांक लिहावा. नकाशाच्या संबंधित भागाची प्रत जोडून त्यावर जागा खुणेने दाखवावी. स्वतःची जमीन असल्यास मिळकत पत्रिका किंवा सातबारा, आणि संस्थेतर्फे अर्ज असल्यास नोंदणी प्रमाणपत्र व ठरावाची प्रत सोबत ठेवणे सोयीचे ठरते. ‘शहरात कलेला प्रोत्साहन मिळावे’ अशा वाक्यावर नियोजन समिती (हरकती ऐकून अहवाल देणारी समिती) काही करू शकत नाही. ‘या भूखंडावरील वाहनतळाचे आरक्षण बदलून तेथे तालीम कक्षासह नाट्यगृह दाखवावे’ अशी मागणी असेल, तर तिच्यावर निर्णय द्यावा लागतो. अर्ज नियोजन प्राधिकरणाच्या (उदा. महापालिकेच्या) आवक कक्षात देऊन आवक क्रमांक व तारखेचा शिक्का असलेली पोच घ्यावी.

प्रत्यक्ष म्हणणे मांडायचे असल्यास सुनावणीची मागणी अर्जातच नमूद करावी. कलम २८ खालील नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. नागरिकांच्या हरकती केवळ उपचार म्हणून मागवल्या जातात, हा समज सर्वस्वी खरा नाही: मुंबईच्या प्रारूप आराखड्यातील चुकांवर नागरिकांनी बोट ठेवल्यानंतर २०१५ मध्ये राज्य शासनाने तो बाजूला ठेवला आणि सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले.

आराखडा मंजूर झाला म्हणून लक्ष काढून घेऊ नये. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत भूसंपादन झाले नाही, तर कलम १२७ नुसार जमीनमालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरही ठरावीक मुदतीत कार्यवाही झाली नाही, तर आरक्षण व्यपगत (रद्द) होते. कलम ३७ खालील किरकोळ फेरबदलातूनही आरक्षित भूखंडाचा वापर बदलू शकतो. मात्र त्यापूर्वी हरकती मागवणारी स्वतंत्र जाहीर नोटीस काढावी लागते आणि तिच्यावरही याच पद्धतीने लेखी हरकत घेता येते.