अनौपचारिक अर्थव्यवस्थेचे मापन (भारत)

नोंदणी, लेखी हिशेब आणि सामाजिक सुरक्षा यांच्या कक्षेबाहेर चालणारे उद्योग व रोजगार देशाच्या उत्पन्नात किती भर घालतात, याचा अंदाज बांधण्याची पद्धत. काळ्या पैशाशी याची गल्लत वारंवार होते, आणि ती कष्टकऱ्यांवर अन्याय करणारी आहे. हातगाडीवर भाजी विकणारी बाई काही लपवत नाही. तिच्याकडे वही नसते इतकेच.

मोजायचे काय, हाच पहिला प्रश्न. आंतरराष्ट्रीय कामगार संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने १९९३ मध्ये उद्योग पाहून व्याख्या केली, २००३ मध्ये त्यात रोजगाराचा निकष जोडला. त्यामुळे मोठ्या कारखान्यातला, भविष्यनिर्वाह निधी नसलेला कंत्राटी कामगारही या मोजणीत येतो. असंघटित क्षेत्राच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या अर्जुन सेनगुप्ता आयोगाने याच दोन्ही अंगांनी पाहून २००४-०५ मधील सुमारे ९२ टक्के कामगार अनौपचारिक ठरवले.

उत्पन्नाचे गणित वरवर सोपे आहे : रोजगार पाहणीतून कामगारांची संख्या घ्यायची आणि उद्योग पाहणीतून मिळालेल्या दर कामगारामागच्या मूल्यवर्धनाने (उत्पादनाच्या किमतीतून कच्चा माल वगैरे खर्च वजा जाता जे उरते त्याने) तिला गुणायचे. खरी कसोटी दारात लागते. चहावाल्याला महिन्याची उलाढाल विचारली तर सांगता येत नाही. रोज दूध किती, साखर किती, गॅसची टाकी किती दिवस पुरते, असे विचारत हिशेब जोडावा लागतो. सोलापुरात तेंदूपत्ता व तंबाखू घरी आणून विड्या वळणाऱ्या बाईला ‘काम काय करता?’ विचारले, तर ‘घरीच असते’ असे उत्तर येऊ शकते, मांडीवरच्या सुपात विड्या असतानाही. प्रश्न तिथेच थांबला तर तिची मजुरी आकड्यांतून गळते. या मापनातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

दुसरी उणीव काळाची. सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीची असंघटित बिगरशेती उद्योगांवरची ७३वी फेरी जून २०१६ मध्ये संपली आणि नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी आली. पुढची मोठी पाहणी थेट २०२१-२२ ची. मधल्या वर्षांचे अंदाज बऱ्याच अंशी संघटित क्षेत्राच्या आकड्यांवरून पुढे ओढले गेले. रोखीवर जगणाऱ्या धंद्यांचा फटका त्यात उमटला नाही, असा आक्षेप अनेक अर्थतज्ज्ञांनी घेतला. तो रास्त आहे.

आता ही पाहणी दरवर्षी होते. २०२३-२४ मध्ये शेती व बांधकाम वगळून सुमारे ७.३४ कोटी आस्थापना आणि १२.०६ कोटी कामगार मोजले गेले.