खरखर आणि एरियल: लांब तारेकडून फिरत्या चौकटीकडे

ट्रान्झिस्टरवर मध्यम लहरींचं दूरचं केंद्र लागलेलं असतं, शेजारच्या खोलीत कुणी एलईडी दिवा लावतं आणि निवेदकाचा आवाज खरखरीत बुडतो. अशा वेळी बहुतेकांना लांब तार जोडावीशी वाटते. ही सवय १९२०च्या दशकातली. तेव्हाचे सेट बहिरे होते, घरांत खरखर करणारी उपकरणं मोजकीच होती. छपरावर तीस-चाळीस मीटर तार ताणली की केंद्र मोठ्याने लागायचं आणि तेवढ्यावर भागायचं.

चौकट एरियल मात्र वेगळ्या गरजेतून आलं. पहिल्या महायुद्धात प्रक्षेपकाची दिशा शोधायला तारेच्या वेढ्यांची फिरती चौकट वापरत. दिशा ठरवायची ती आवाज सर्वांत मोठा येतो तिथे नव्हे, तर जिथे तो नाहीसा होतो तिथे, म्हणजे शून्यबिंदूवर. कारण साधं आहे: कमाल बिंदूपासून चौकट ३० अंश वळवली तरी सिग्नल जेमतेम सव्वा डेसिबलने उतरतो, शून्यबिंदूपासून ५ अंश सरकलं तरी तो कमालीच्या २१ डेसिबल खालीच असतो. खरखर कापायला हाच धारदार शून्यबिंदू कामाला येतो. चौकट विद्युतदृष्ट्या असंतुलित असेल तर ती साध्या तारेसारखीही वागते आणि शून्यबिंदू बुजतो. त्यावर वेढे धातूच्या नळीत घालण्याचा उपाय निघाला. नळीत एका जागी फट ठेवावीच लागते, नाहीतर नळी स्वतःच शॉर्ट झालेला वेढा होते.

१९२४ साली आरसीए या अमेरिकी कंपनीच्या एआर-८१२ या सुपरहेटरोडाइन (आलेली लहर आधी एका ठरावीक वारंवारतेवर आणून मग वाढवणाऱ्या) सेटमध्ये चौकट पेटीच्या आतच बसवली होती. पुढे फेराइट आलं, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून बनलेलं चुंबकीय सिरॅमिक. जपानमध्ये योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी १९३०च्या सुमारास त्याचा पाया घातला, नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या स्नूक यांनी १९४०च्या दशकात ते रेडिओच्या उपयोगाचं केलं. १९५४च्या रीजन्सी टीआर-१ या खिशातल्या ट्रान्झिस्टरमध्ये फेराइटवर गुंडाळलेली कॉइल होती. जागा वाचावी म्हणून आलेल्या या रॉडलाही तोच शून्यबिंदू आहे, फक्त तो रॉडच्या टोकांच्या दिशेने असतो.

मग खरखर घरात शिरली. संगणक, चार्जर, एलईडी दिवे यांतले स्विचिंग पुरवठे (वीज झपाट्याने चालू-बंद करून हवा तो दाब देणारी मंडलं) दहा-वीस किलोहर्ट्झपासून काहीशे किलोहर्ट्झवर चालतात आणि त्या वारंवारतेच्या पटींतल्या लहरी मध्यम लहरींच्या पट्ट्यात पसरतात. १ मेगाहर्ट्झला निकटक्षेत्र (उगमाजवळचा भाग, जिथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचा जोर वेगवेगळा असू शकतो) साधारण ४८ मीटरपर्यंत असतं, म्हणजे सगळं घर त्यात आलं. घरच्या वायरिंगजवळ विद्युतक्षेत्राचा जोर बहुधा जास्त असतो आणि सेटची ओढून लांब होणारी दांडी किंवा लांब तार नेमकं तेच पकडते. चौकट व फेराइट मुख्यतः चुंबकीय क्षेत्र घेतात. एका ठिकाणच्या छोट्या उपकरणाचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं: एक मीटरवरून दोन मीटरवर गेलं की १८ डेसिबल कमी. खरखर वायरिंगभर पसरली असेल तर मात्र तिला एक दिशा उरत नाही आणि शून्यबिंदू सापडत नाही. तेव्हा सेट भिंतीपासून दूर, बॅटरीवर चालवावा. अडॅप्टर काढताच फरक कळतो.

मोठी चौकट घरी करायची तर ६० सेमी बाजूच्या लाकडी चौकटीवर १२ वेढे, दोन वेढ्यांत ६ मिमी अंतर, साधारण ३० मीटर प्लास्टिक आवरणाची तार, आणि दोन टोकांत ५०० पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर (फिरवून ट्यूनिंग बदलायचा कंडेन्सर). मध्यम लहरींचा जवळजवळ पूर्ण पट्टा त्यात बसतो. सेट चौकटीजवळ ठेवायचा, तारेने जोडायचा नाही. आतला फेराइट रॉड चौकटीच्या पातळीला काटकोनात हवा. रॉड त्या पातळीतच राहिला तर काहीच पोचत नाही आणि चौकट निकामी वाटते. गँग फिरवताना केंद्र एकदम उसळलं की ट्यूनिंग जुळलं. मग सेट आणि चौकट मिळून एकत्र फिरवायचं, खरखर किमान होईपर्यंत. केंद्र आणि खरखर एकाच रेषेत असतील तर दोन्ही एकदमच दबतात. अशा वेळी जागाच बदलावी लागते.