घरातला धंदा आणि शहराची परवानगी : एका नियमाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत घरातून धंदा करायचा म्हटले की आधी नियोजन विभागाचा फॉर्म भरावा लागतो. प्रश्न साधारण ठरलेले असतात. घराच्या किती भागात काम चालणार? बाहेरचा माणूस कामाला ठेवणार का? गिऱ्हाईक घरी येणार का? दारावर पाटी लावणार का? आवाज, वास, धूर होणार का? लॅपटॉपवर लोकांचे हिशेब लिहिणाऱ्यालाही हेच विचारतात आणि गॅरेजमध्ये लाकूडकाम करणाऱ्यालाही हेच. यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न जुन्या कुठल्यातरी भांडणातून आलेला आहे.

त्रासदायक उद्योग वस्तीपासून लांब ठेवायची कल्पना झोनिंगच्या, म्हणजे शहराचे भाग पाडून कुठे राहायचे आणि कुठे धंदा करायचा हे ठरवण्याच्या पद्धतीच्या, आधीची. फ्रान्समध्ये 1810 साली नेपोलियनच्या फर्मानाने दुर्गंधी व उपद्रव करणाऱ्या कारखान्यांचे तीन वर्ग पाडले आणि पहिल्या वर्गातल्या नव्या कारखान्यांना घरांपासून दूर राहायला लावले. तिथे रोख धूर आणि घाणीवर होता. अमेरिकेत मात्र प्रश्न लवकरच माणसांवर घसरला.

न्यूयॉर्कच्या चाळवजा इमारतींत, ज्यांना टेनेमेंट म्हणत, स्थलांतरित कुटुंबे राहत्या खोल्यांतच सिगार वळत. 1884 मध्ये राज्याने अशा इमारतींतल्या सिगारकामावर बंदी घातली. जेकब्स नावाच्या एका कामगाराला अटक झाली. त्याच्या सात खोल्यांच्या घरातली एकच खोली सिगारला दिलेली होती. पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने कायदा रद्द ठरवला. या बंदीचा आरोग्याशी संबंध नाही, उलट ती माणसाला त्याच्या घराच्या मायेच्या छायेतून बाहेर काढते, असा त्या निकालाचा सूर होता. पण त्याच खोल्यांत लहान मुलेही कामाला जुंपलेली असत आणि तंबाखूची धूळ झोपायच्या जागेवर बसे, हेही तितकेच खरे. कामगार संघटनांना बंदी हवी होती ती यासाठीही. 1890 च्या दशकात राज्याने टेनेमेंटमधल्या कामाला परवान्याची अट लावली. घरातून चालणाऱ्या धंद्यावर सरकारी शिक्का हवा, ही सवय तिथे रुजली.

त्याच काळात पश्चिम किनाऱ्यावर परवानगीचे दुसरे तोंड दिसले. सॅन फ्रान्सिस्कोने लाकडी इमारतीतल्या लॉन्ड्रीला शहराच्या मंडळाची परवानगी सक्तीची केली. कारण सांगितले आगीच्या धोक्याचे. सुमारे 200 चिनी धोब्यांचे अर्ज फेटाळले गेले आणि इतरांचे जवळजवळ सगळे मंजूर झाले. 1886 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. पण तोवर मॉडेस्टो शहराने 1885 मध्ये आणखी सोपी वाट काढली होती : लॉन्ड्री फक्त रेल्वेरुळांच्या अमुक बाजूलाच चालेल. जात-वंशाचे नाव न घेता नकाशावर रेघ मारायची. झोनिंगचा इतिहास सांगताना हे पान वगळू नये असे मला ठामपणे वाटते, कारण मंजुरी देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नियम कुठे जातो ते इथे उघड दिसते.

न्यूयॉर्कने 25 जुलै 1916 रोजी सबंध शहराला लागू होणारा झोनिंग ठराव केला. त्यामागे उंच इमारतींच्या सावल्या होत्या, तसेच फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या दुकानदारांचा हट्टही होता. कपडे शिवणारे कारखाने आणि दुपारच्या सुट्टीत रस्त्यावर येणारे त्यांचे कामगार त्यांना आपल्या दारात नको होते. मग केंद्रीय वाणिज्य खात्याने, हर्बर्ट हूवर मंत्री असताना, राज्यांसाठी नमुना कायदा तयार केला. 1926 मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. 68 एकर जमीन असलेल्या कंपनीची तक्रार होती की झोनिंगमुळे जमिनीचे मोल पडले. न्यायालयाने गावाची बाजू घेतली. योग्य वस्तू चुकीच्या जागी असली तरी उपद्रव होतो, डुक्कर गोठ्याऐवजी दिवाणखान्यात असावे तसे, हे त्या निकालातले वाक्य आजही सांगितले जाते.

निवासी क्षेत्र म्हणजे फक्त राहायचे, हे त्यानंतर पक्के झाले. पण डॉक्टर तर घरीच रोगी तपासत होते. वकील, दंतवैद्य, शिवणकाम करणाऱ्या बाया, पियानो शिकवणाऱ्या शिक्षिका यांचेही काम घरातच चाले. म्हणून नियमावल्यांत अपवाद आला : घरात ‘रूढीने चालत आलेला’ व्यवसाय चालेल. रूढ काय, हे ठरवताना प्रतिष्ठित व्यवसाय आत आले. केशकर्तन आणि ब्यूटी पार्लर अनेक ठिकाणी बाहेर राहिले. न्यूयॉर्कच्या नियमात तर अनेक दशके मनाई केलेल्या व्यवसायांची यादीच होती. त्यात न्हावी होता, विमा कार्यालय होते, अंतर्गत सजावटकाराचे कार्यालयही होते. सजावटकार घरी बसून आराखडे काढतो, त्यात शेजाऱ्याला त्रास कसला? धंद्याला घराची जास्तीत जास्त एक चतुर्थांश जागा आणि तीही 500 चौरस फुटांपर्यंतच, ही मर्यादा त्याच नियमातली. 2024 मध्ये शहराने हे नियम सैल केले.

इतर देशांनी वेगळी वाट धरली. ब्रिटनमध्ये 1947 च्या नगरनियोजन कायद्यापासून प्रश्न एवढाच असतो की कामामुळे घराच्या वापराचे स्वरूप मुळातून बदलले का. बदलले नसेल तर परवानगी लागत नाही. जपानमध्ये सर्वांत कडक निवासी क्षेत्रातही घराला जोडून छोटे दुकान किंवा कार्यालय चालते. अट अशी की ती जागा 50 चौरस मीटरच्या आत आणि घराच्या निम्म्याहून कमी असावी. धंद्याच्या नावापेक्षा त्याच्या आकाराकडे आणि परिणामाकडे पाहणे मला अधिक न्याय्य वाटते.

अमेरिकेत बदल उशिरा आणि भांडून झाला. टेलिकम्यूटिंगची, म्हणजे ऑफिसला न जाता लांबूनच काम करण्याची, कल्पना जॅक निल्स या अमेरिकन संशोधकाने 1973 मध्येच मांडली होती, पण नियमावल्या गिऱ्हाईक आणि पाटी यांवरच अडून राहिल्या. नॅशव्हिल, म्हणजे संगीताचे शहर, तिथे घरातल्या रेकॉर्डिंग स्टुडिओत गिऱ्हाईक येणे बेकायदा होते, आणि पाळणाघरात किंवा भाड्याच्या खोल्यांत लोक आलेले मात्र चालत. खटला झाल्यावर 2020 मध्ये दिवसाला सहा गिऱ्हाइकांची मुभा मिळाली. फ्लोरिडाने 2021 मध्ये राज्याचाच कायदा केला : स्थानिक संस्थांनी घरातला धंदा निव्वळ घरात आहे म्हणून अडवू नये, आणि त्या घरात न राहणारे दोन कामगार ठेवता यावेत. मात्र गृहसंस्थांच्या खाजगी करारांना हा कायदा हात लावत नाही. त्यामुळे शहराने सोडलेली अट तिथे शेजाऱ्यांच्या संघटनेच्या नियमात जशीच्या तशी सापडू शकते.